उणे सव्वातीन

पहिल्या दिवशी मोळी तोलायची,
बाजूला ठेवून बाईला सांगायचं :
उद्या मी येईपर्यंत चुलीत घालाल ते यातलंच.
दुसऱ्या दिवशी उरलेली तोलायची.
वजाबाकी म्हणजे घराचं जळण.
एवढंच शिकवलं रत्नागिरीच्या त्या हॉलात,
हातात सामोसा, पडद्यावर देशांच्या रेषा,
काही चढत्या, काही घसरत्या,
आणि आपली एक, जाड, हट्टी,
कड न बदलता झोपलेल्या म्हशीसारखी.

वाघोटणच्या खाडीकाठी माझ्या वाट्याला एकवीस घरं.
खांद्यावर ताणकाटा, पिशवीत फॉर्म.
जळणाचा प्रकार : लाकूड, शेण, इतर.
'इतर'ला दिलेली रेघ बोटभर.
तीत मावत नाहीत चुडतं, सोडणं, करवंट्या,
काजूची टरफलं, ज्यांचं तेल बोटांची साल काढतं,
आणि मुकादमांच्या पडवीतली मोडक्या होडीची फळी,
खिळ्यांसकट,
जळताना जिच्यातलं मीठ तडतडतं.
कोकऱ्यांकडे सिलिंडरवर क्रोशाचं झाकण.
"तो पावण्यांचो," वहिनी म्हणाल्या,
आणि मला चहा चुलीवरचा दिला.
म्हणजे मी पाहुणी नव्हते.
बरं वाटलं.

शेवंती तारीची मोळी भरली नऊ किलो चारशे.
काट्याकडे ती बघत राहिली
मासळीच्या तागडीकडे बघावं तशी, डोळे बारीक करून.
"ह्यो कागद खय जातलो गो?"
जिल्ह्याला. मग मुंबईला. मग बाहेर,
सगळ्या देशांच्या यादीत.
"आणि थय मी गावतलंय?"
गावशील, म्हटलं. दशांशाच्या पुढे
खूप पुढे कुठेतरी.

तिचा नितेश मोठ्या जहाजावर ऑइलर.
मोबाइलवर तिने दाखवला त्याने पाठवलेला व्हिडिओ :
बंदरात लाकडाच्या भुशाच्या गोळ्यांचा डोंगर,
क्रेन उपसते आहे, नितेश हसतो आहे,
नाकात धूळ, डोक्यावर पिवळं टोपडं.
एका देशाचं रान कुटून दुसऱ्या देशाची वीज.
"थय पण फाटांच जाळतत?" तिने विचारलं.
हो, पण तिथे त्याला वेगळं नाव आहे.
तिथली रेषा वर गेली की टाळ्या पडतात.
आपली वर गेली की
हॉलातले साहेब चष्मा पुसतात.
हे मी तिला सांगितलं नाही.
मलाच ते नीट तोलता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी काटा लावला :
बारा किलो सहाशे पन्नास.
पुन्हा लावला. आकडी झटकली, शून्य पाहिलं.
बारा सहाशे पन्नास.
चुलीत राख होती ताजी, मडक्यात पेज,
वैलावर बांगड्याची आमटी.
म्हणजे जळलं होतं,
आणि वाढलंही होतं.

शेवंती पदराने हात पुसत दारात.
"रातीच चार फाटां चढवलंय.
तू म्हणालंस, देशांची यादी.
आपलो देश कमी पडाक नको."

मी फॉर्मवर लिहिलं : उणे सव्वातीन.
साहेबांचा फोन आला चौथ्या दिवशी :
ऋण आकडा कॉम्प्युटर घेत नाही,
घर रद्द करा, नाहीतर शून्य टाका.
शून्य टाकलं असतं तर
तिच्या घरी चूलच पेटली नाही असं झालं असतं.
रद्द केलं असतं तर घरच नाही.
दोन दिवस कागद उशाशी.

मग पुन्हा गेले, तिसऱ्यांदा, फॉर्ममध्ये न बसणारी.
ती माळ्यावरून ऐनाची ढलपी काढत होती.
म्हटलं, शेवंतीआते, या वेळी खरंखरं हां,
वर काही चढवायचं नाही.
"बरां," ती म्हणाली, "पण बस आदी.
च्या घेतल्याशिवाय काटो लावू नको."
आणि न तोललेल्या दोन फाटक्या
तिने चुलीत सारल्या
माझ्यासाठी.